झुंबरबाईची शिरीषाची फळी

झुंबरबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नरडाण्याला स्टेशनच्या अलीकडे योगराजशेठची लाकडाची वखार आहे. आदल्या संध्याकाळी आऱ्यावर, म्हणजे यंत्राच्या करवतीवर, कापलेल्या ओल्या फळ्या सकाळचं ऊन लागायच्या आत थप्पीला लागल्या पाहिजेत, हा नियम. नियम तिचा, शेठचा नव्हे. शेठ उन्हं वर आल्यावर यायचा.

त्या वखारीत आरा मी चालवायचो. कापायचं काम माझं, कापलेलं सांभाळायचं काम तिचं. कापण्यापेक्षा सांभाळणं अवघड, हे मला तिचं काम बघून पटलं.

थप्पी लावणं म्हणजे फळीवर फळी टाकणं नव्हे. खाली विटांचे पाये, दोरी धरून एका पातळीत. दोन फळ्यांच्या मध्ये वारा खेळावा म्हणून आडव्या पट्ट्या, सगळ्या एका जाडीच्या. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. ती चार बोटं जरी सरकली तरी भार भलतीकडे पडतो आणि फळी तिथे झोल खाते. टोकं आधी सुकून तडकतात, म्हणून टोकांना शेण आणि गेरूचा लेप. पश्चिमेच्या अंगाला पोत्यांचा पडदा, कारण वैशाखात आमच्याकडचा वारा भट्टीसारखा. सगळ्यात वर दगड. एखादी पट्टी मनासारखी बसली नाही, तर ती वरच्या फळ्या उतरवून पुन्हा लावायची.

"अक्का, सरळच तर दिसतेय," शेठ म्हणायचा.

"तुमले दिसस. लाकूडले नही दिसत."

या झुंबरबाईला घरात एक बंगई, म्हणजे झोपाळा, हवी होती. चार साखळ्यांना टांगलेली, रुंद, एकाच फळीची. सगळी वखार हसायची. नवरा रुपचंद सगळ्यांच्या आधी हसायचा. तो स्टेशनवर हमाली करायचा.

"दोन फळ्या जोडी टाक ना," तो म्हणायचा. "बसनारले काय समजस?"

"बसनारलेच समजस. जोडवर बसनं का चिमटा बसस. तुले पाहिजे का चिमटा?"

हौसेमागे कारण होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. सासरी गेलेल्या बाईचे झोक्याचे दिवस तेवढेच. झुंबरबाईचं माहेर तापीपलीकडे. आई-बाप गेले, भाऊ कामासाठी सुरतेला गेला, घराला कुलूप लागलं. त्यानंतर तिला झोका मिळाला नाही. लेक नूतन भुसावळला दिलेली. तीही दर आखाजीला यायची आणि शेजारणींच्या अंगणात झोका घ्यायची. मायलेकींनी आपल्या घरात, आपल्या झोक्यावर बसावं, एवढंच झुंबरबाईला पाहिजे होतं.

थंडीच्या दिवसांत बुराई नदीच्या काठचं शिरीषाचं एक जाडजूड खोड वखारीत आलं. मी कापत होतो. ती बाजूला उभी राहून एकेक फळी बघत होती. मधल्या फळीत गाभा होता, ती पुढे चिरते, म्हणून सोडली. कडेच्या फळ्यांच्या टोकाशी झाडाची वर्तुळं कमानीसारखी दिसत होती. त्यांना ती 'हसऱ्या फळ्या' म्हणायची. आज हसते ती उद्या वाकते, असं तिचं म्हणणं. गाभ्याशेजारच्या फळीत वर्तुळं जवळजवळ उभी होती. ती तिनं खाली ठेवायला लावली. एक डोळा मिटून कडेवरून पाहिलं, मग उलटवून पुन्हा पाहिलं. गाठीवर नख मारलं. गाठ घट्ट होती.

"जराशी हसस," ती म्हणाली. "पन जराशीच."

शेठनं फळी तिच्यासाठी ठेवायचं कबूल केलं. वाळली की पैसे देऊन घेऊन जायची. एक अट घातली. वाकली तर तो ती जागा अडवू देणार नाही. उभी चिरून खोक्याच्या पट्ट्या करणार. वाकलेल्या प्रत्येक फळीचं तेच व्हायचं. झुंबरबाई हो म्हणाली.

फळी थप्पीत गेली. रोज सकाळी कामाला लागण्याआधी ती तिच्यावरून हात फिरवायची.

"अक्का, फळी आहे की लेक?" शेठ विचारायचा.

"लेक सासरले जास, शेठ. ही मन्हा घर येनार शे."

आखाजी आली. वखारीला दोन दिवस सुट्टी. झुंबरबाई घरी खापरावरच्या पुरणपोळ्यांत अडकलेली. दुपार कलल्यावर नूतन आणि गल्लीतल्या पोरी झोका बांधायला निघाल्या. गल्लीतला लिंब रस्त्यासाठी तोडलेला. वखारीतला लिंब मोठा, आणि पहारेकरी सुकदेवआबा ओळखीचा. पोरींनी दोर बांधला आणि बसायला फळी शोधली. फळी घ्यायची तर रुंद घ्यावी, चौघी उभ्या राहतील अशी. त्यांनी थप्पीवरचे दगड उतरवले, वरच्या फळ्या बाजूला केल्या आणि नेमकी तीच काढली.

झोके झाले, गाणी झाली. जाताना पोरींनी दोर सोडला आणि फळी हौदाजवळ जमिनीवर ठेवली. हौद गळका. तिथली जमीन बारमाही ओली. फळीला खालून ओल, वरून दोन दिवसांचं वैशाखाचं ऊन.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा झुंबरबाई फळीशेजारी उकिडवी बसली होती. वरचं अंग आटून आखडलं होतं आणि दोन्ही कडा उचलल्या होत्या. छपराच्या पन्हळीसारखी खोलगट फळी. नूतन मागे उभी.

"माय, माले काय माहीत! मी म्हनं, बठ्ठ्या फळ्या सारख्याच."

"मंग हीच कसाले काढी?"

"हीच रुंद व्हती. आन सरळ व्हती."

झुंबरबाईनं फळीच्या उचललेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नजर मन्हावर गई तुन्ही." आणि पदरानं तोंड पुसलं.

शेठ आला. त्यानं फळी बघितली, वना मिस्तरीला हाक मारली. वना वखारीतला सुतार, बोलायला कंजूष. त्यानं फळीवर आडवी पट्टी धरली. मध्ये पट्टीखालून त्याचा अंगठा आरपार गेला.

"आऱ्यावर घ्या," शेठ मला म्हणाला.

"शेठ, पाऊस लागापर्यंत थांबा," झुंबरबाई म्हणाली.

"अक्का, बसायला खोलगट उलट बरी पडेल," शेठनं चेष्टा केली.

"खोलगट परातमा पोळी ठेवतस. मानूस नही ठेवत."

शेठ हसला. हसला म्हणून मुदत मिळाली. रोहिणीचा पाऊस येईपर्यंत.

मी आरा चालू केला तो दुसऱ्या लाकडासाठी.

जे ऊन आणि ओल यांनी बिघडवलं, ते त्यांनाच कामाला लावून सरळ करायचं, असं तिनं ठरवलं. ओली पोती अंथरायची, फळी पालथी घालायची. खोलगट अंग पोत्यावर, फुगीर अंग उन्हाला. खालचं ओल पिऊन पसरतं, वरचं सुकून आखडतं. ऐकायला सोपं. ऊन जास्त झालं तर फळी चिरते, कमी झालं तर ढिम्म हलत नाही. म्हणून कोवळ्या उन्हात बाहेर काढायची, ऊन चढायच्या आत सावलीत. सावलीत नेताना वर दगड, आणि दगडांच्या जागा रोज बघून ठरवायच्या. फळी जड. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला नूतन. नूतन सासरी परत जाण्याचे दिवस पुढे ढकलत होती.

"जावई काय म्हनी?" रुपचंदनं विचारलं.

"म्हनतस, फळी सरळ करीसनच ये," नूतन म्हणाली.

रुपचंद आता हसत नव्हता. संध्याकाळी स्टेशनवरून येताना हौदातून पोत्यांसाठी पाणी काढून ठेवायचा. मग कडेला बसून सूचना द्यायचा. कोणी ऐकायचं नाही.

वना मधूनमधून पट्टी धरून बघायचा. अंगठा जाईनासा झाला. मग करंगळी. नंतर नाणं तेवढं जायचं आणि तिथेच फळी अडली. पुढे सरकेना. आभाळ भरून यायला लागलं. नूतनला घ्यायला जावई आला तर तोही एका टोकाला लागला. झुंबरबाईनं शेवटच्या दिवशी फळी जरा उलट बाजूला वाकेल इतका भार दिला. सोडल्यावर लाकूड थोडं मागे येतं, तेवढं आधीच धरून.

भार काढला. वनानं पट्टी धरली. खालून बारीकशी उजेडाची रेघ. त्यानं विडीचा कागद सरकवला. कागद अडकत अडकत गेला.

झुंबरबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"एवढं रंध्यानं जाईल," वना म्हणाला.

शेठनंही वाकून पाहिलं. "थप्पीत लाव, अक्का," म्हणाला. तिनं पावसाळाभर ती छपराखाली ठेवली, आधीपेक्षा जास्त दगड लावून. नूतन तोवर सासरी गेली होती, तिला भुसावळला फोन गेला. काय बोलल्या ठाऊक नाही. झुंबरबाई मोठ्यानं हसत होती एवढं आऱ्याच्या आवाजातही कळलं.

दिवाळीच्या आधी फळी वाळली. वनानं रंधा मारला, कडा गोल केल्या, तेल लावलं. शिरीषाचा गडद रंग वर आला. मजुरी बाजारच्या दिवशी मिळायची. त्यातून तिनं वर्षानुवर्षं किराणा आणला, पत्रे घेतले, नूतनचं लग्न केलं. उरेल ते बाजूला ठेवत गेली. त्या पैशांतून तिनं फळीची पूर्ण किंमत शेठच्या हातावर ठेवली. शेठ थोडी कमी करत होता, तिनं करू दिली नाही. उरलेल्यात धुळ्याहून चार साखळ्या आणल्या. दिवाळीला नूतन आल्यावर बंगई टांगली आणि पहिल्यांदा नूतन आणि ती शेजारी शेजारी बसल्या. रुपचंदला जागा मिळाली नाही.