खाडीचा पट

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. माहेर माझं साताऱ्याकडचं. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी पास झाले होते, पण सासरी आल्यापासून रंगपेटी ट्रंकेच्या तळाशीच होती. ती वर आली ती ह्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यामुळे.

ठाण्याला खोपटच्या बाजूला त्या व्यापाऱ्यांची शेड होती. तिथे लाकडी भोवरे, ठोकळे आणि पुठ्ठ्यावरचे खेळ तयार व्हायचे. विलायती खेळ बाजारात येणं कमी झालं होतं आणि दुकानदार सारखे काहीतरी नवीन मागत होते. ते ह्यांना म्हणाले, "कुणी खेळ सुचवणारं असेल तर पाठवा. पण तोंडी सांगायला नको. एका कागदावर चित्र काढून आणा. चित्रावरून खेळ कळला तरच तो विकला जाईल."

मी आठ दिवस दुपारच्या वेळी बसून एक तक्ता रंगवला. फुलबाग होती, तिच्यात शंभर घरं. फुलपाखरू लागलं की वर जायचं, मुंग्या लागल्या की खाली यायचं. व्यापाऱ्यांनी तो टेबलावर पसरून नीट पाहिला.

"रंग सुरेख आहेत," ते म्हणाले. "पण बाई, ही आपली सापशिडीच आहे. सापांच्या जागी मुंग्या आल्यात."

ते जराही रागावून बोलले नाहीत, म्हणून मला जास्तच लागलं.

घरी आल्यावर मी तो तक्ता गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. संध्याकाळी पाहते तर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो जमिनीवर उलगडला होता. मामंजी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. माझ्याशी त्यांचं बोलणं चहा आणि वर्तमानपत्र यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

"या बागेत तू कधी गेली होतीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग जिथे जाता येईल असं काहीतरी काढ. मला एक मोठा कागद दे आणि पेन्सिल."

मी कागद दिला. मामंजी सतरंजीवर गुडघे टेकून बसले, पेन्सिल कागदाच्या उजव्या टोकाला ठेवली आणि तिथून निघाले. कल्याणचं बंदर, मग डोंबिवलीच्या मागची रेती, मुंब्र्याचा डोंगर जिथे पाण्याला वळायला लावतो ती जागा, काल्हेर, घोडबंदर आणि शेवटी वसईचं मुख. कागदाच्या डाव्या टोकाला पोचेपर्यंत पेन्सिल एकदाही उचलली नाही. रबर मी हातात धरून बसले होते, ते त्यांनी मागितलं नाही. तरुणपणी मोजणीची साखळी ओढत त्यांनी हा काठ मोजला होता, आणि ते प्रत्येक वळण त्यांच्या मनगटात राहिलं होतं. ज्या माणसाला मी तीन वर्षं फक्त चहा दिला होता, त्याच्या आत अख्खी खाडी होती.

"होड्यांचा खेळ कर," ते म्हणाले. "कौलं, मीठ, भात. पूर्वी सगळं या पाण्यावरून जायचं."

मी रंग भरले, बंदरं केली, होड्या काढल्या. होड्या चालणार कशा, तर फाशावर. मामंजींना ते पटेना. "फाशावर होडी चालत नाही. आपण विचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कल्याणच्या बंदरावर गेलो. तिथे एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसले होते. आयुष्यभर त्यांनी होड्या हाकल्या होत्या, आता डोळे अधू झाल्याने होडीवर जात नव्हते. मी तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, गोल फिरवला, आणि चित्रातलं वसईचं मुख खऱ्या वसईच्या दिशेला येईल असा जमिनीवर ठेवला. मगच बघायला लागले.

"होडी पुढं कशी जाते यात?" त्यांनी विचारलं.

"फासा टाकून," मी म्हटलं.

"फासा नाय, बाय. पानी नेतं तिला. आपुन निसता नांगर टाकायचा, नाय तर उचलायचा." मग त्यांनी मामंजींना विचारलं, "आज पंचमी ना?"

"पंचमी."

"तिथीची पाऊनपट करायची. म्हंजे समुद्रावर पहाटं पावनेचारला भरती, न् धाच्या सुमाराला ओहोटी सरते. पन वसईला जे होतं ते इथं लगेच नाय होत. पानी चालत येतं इथवर. जाल्याची ही वळ विनून झाली ना, की इथलं पानी फिरल."

मला ते नीटसं समजलं नाही. साताऱ्याकडची नदी एकाच बाजूला वाहते, पावसाळ्यात जोरात आणि उन्हाळ्यात कशीबशी, पण एकाच बाजूला. मी पायरीवर बसले. पाण्यावरून पेंढ्याच्या काड्या आणि फेस समुद्राकडे चालला होता. तांडेलांची बोटं गाठी मारत होती. बऱ्याच वेळाने काड्यांचा वेग कमी झाला. मग त्या माझ्यासमोर थांबल्या. वारा नव्हता, कुणी हात लावला नव्हता, आणि एवढं रुंद पाणी जागच्या जागी उभं राहिलं. मग त्यातली एक काडी हळूच फिरली आणि आली होती त्या बाजूला, समुद्राच्या उलट दिशेने, परत जाऊ लागली. तिच्यामागे फेस निघाला, मग सगळं पाणीच निघालं.

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

तांडेल जाळ्याकडेच बघत होते. "ही वळ झाली," ते म्हणाले.

घरी येऊन आम्ही फासा काढून टाकला. मामंजींनी पुठ्ठ्याची एक चकती कापली. तिच्यावर पंधरा तिथी होत्या, आणि वरच्या झाकणाला एक खिडकी. चकती एक घर फिरवली की खिडकीत दिसायचं, पाणी समुद्राकडे की कल्याणकडे, आणि किती घरं. पुनवेला उधाण, म्हणून चार घरं. अष्टमीला पाणी मंद, म्हणून एकच. ज्याची होडी बंदरात नांगरलेली ती जागेवर राहणार, बाकीच्या पाण्याबरोबर जाणार. प्रत्येकाने आपापल्या बंदरातला माल वसईला नेऊन परत यायचं. मी तक्त्याच्या खाली चार लहान चित्रं काढली, एकही अक्षर न वाचता खेळ कळेल अशी.

या वेळी मामंजी माझ्याबरोबर ठाण्याला आले. व्यापाऱ्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला.

"फासा विसरलात का?"

"फासा नाही यात," मामंजी म्हणाले.

व्यापाऱ्यांनी शेडच्या मागच्या घरातून बायकोला हाक मारली आणि दोघं खेळायला बसले. ते आपली होडी भराभर हाकत निघाले. बाई मात्र मुंब्र्याला नांगर टाकून बसल्या.

"अगं, उचल की नांगर," ते म्हणाले.

"नाही. पुढे अष्टमी येतेय. तुम्ही मधेच अडकाल."

"तुला काय ठाऊक?"

"माझं माहेर उरणचं," त्या शांतपणे म्हणाल्या.

ते मधे अडकले, आणि उलट्या पाण्याने त्यांची होडी मागे आणली. व्यापारी पटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तक्ता गुंडाळून परत देतील. ते म्हणाले, "पुन्हा मांडा."

तीन डाव झाल्यावर त्यांनी खेळ घेतला.

छपाई सुरू झाली तेव्हा त्यांनी आम्हाला छापखान्यात बोलावलं. चित्र एका कारागिराने मोठ्या गुळगुळीत दगडांवर उतरवलं होतं, प्रत्येक रंगाला एक दगड, आणि सगळं उलटं. कल्याण डावीकडे गेलं होतं. मामंजी वाकून त्या उलट्या काठावरून हवेतच बोट फिरवत होते. कागदांवर आधी पिवळा रंग चढला, त्यात काही कळेना. मग तांबडा आला आणि कौलं दिसली. आम्ही पुन्हा गेलो त्या दिवशी निळा चढत होता. कागद दगडावरून उचलला आणि खाडी त्यात भरून आलेली होती. पिवळ्यावर निळा पडून दोन्ही काठ हिरवे झाले होते. मी हिरवा कुठे लावलाच नव्हता. एकामागून एक कागद निघत होते आणि प्रत्येकात तेच पाणी. मामंजी एवढंच म्हणाले, "मुली, तुझा हात चांगला आहे."

दिवाळीच्या आधी डबे बाजारात आले. आमचं नाव त्यावर नव्हतं, ते कुणी घालतही नसे. पुढे मी बरेच तक्ते केले. थोडे निघाले, पुष्कळसे परत आले. पण त्या दिवाळीत फराळाचं ताट द्यायला मी शेजारच्या चाळीत गेले, तर ओटीवर चार बायका आमचा पट मांडून बसल्या होत्या. मी दारातच थांबले. त्यांतल्या एकीने सरकून जागा केली.

"बसा ना. येतो का हा खेळ?"

मी मान हलवली, तिने ती नकारार्थी समजली.

"सोपा आहे हो," ती म्हणाली, आणि खिडकीवर बोट ठेवून मला पाणी कसं फिरतं ते अगदी नीट समजावून सांगायला लागली. मी ताट मांडीवर घेऊन ते शेवटपर्यंत ऐकलं.