टोचनच्या गाडीचा ताप

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा माझ्या नवऱ्याकडे उचगावच्या बाजूला हमरस्त्याला लागून एक गॅरेज होतं आणि एक जुना ट्रक. ट्रक लष्कराच्या डिस्पोजलमधला. पुढच्या तोंडाला दोर ओढून घेणारी विंच, मागे लोखंडी क्रेन, आणि मूळचं पेट्रोल इंजिन काढून ह्यांनी स्वतः बसवलेलं डिझेल इंजिन. घाटात कुणाची गाडी बंद पडली की गॅरेजवर निरोप यायचा आणि आमचा ट्रक जाऊन तिला टोचन लावून वर ओढून आणायचा. मी मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शेजारणी मला तोंडावर बाई म्हणायच्या आणि माघारी टोचनवाली. मला दोन्ही चालायचं.

ट्रक चालवायला चाचा होते. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज मोठा. त्यांचे वडील लोकांच्या घोडागाड्या हाकायचे, आणि चाचाही ट्रकशी जनावराशी बोलावं तसं बोलायचे. ह्यांना ते मालक म्हणत, पण मालकांचं ऐकायचं की नाही ते स्वतः ठरवत.

सत्तरच्या दशकातला एक मे महिना मला चांगला आठवतो. साखरप्याजवळ आंब्याचा ट्रक बंद पडला होता, इंजिनाचा पार निकाल लागलेला. मला सुट्टी होती, घाट बघायचा होता, म्हणून मीही चाचा आणि ह्यांच्यामधे बसून गेले. मालाची मालकीण स्वतः गाडीवर होती. राजापूरकडची, नऊवारी नेसलेली, डोक्यावर पंचा घेतलेला. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून कलमांचा सगळा व्यवहार तीच बघत होती.

"वर न्या हो लवकर," ती म्हणाली. "पेंढ्यात फळ आहे, पण ह्या उन्हात पेंढा काय करणार?"

टोचन लागलं आणि आम्ही आंबा घाट चढायला लागलो. भरलेला ट्रक मागे, आमचा ट्रक एकदम खालच्या गिअरात, माणूस सहज बरोबर चालेल अशा वेगानं. चार वळणं झाली आणि पायाखालचा पत्रा तापून चपलेतून चटके बसायला लागले. चाचांनी गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले.

"का थांबलो?" मी विचारलं.

"गिअरबॉक्स तापलाय, वैनी. आता निवस्तवर बसायचं."

प्रत्येक दोन-तीन वळणांनंतर असंच. आंबेवाली खाली उतरून पेट्यांच्या फटीत नाक घालून वास घ्यायची आणि परत चढायची. शेवटी आमच्या ह्यांचा धीर सुटला. वर पोचायला थोडंच राहिलं होतं. "चाचा, आता थांबू नका, चला," ते म्हणाले. चाचांनी मान हलवली, पण गाडी चालू ठेवली. घाटमाथा दिसायला लागला तेवढ्यात खालून आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, मग जळक्या तेलाचा वास, आणि गाडी जागच्या जागी अडकली.

गिअरबॉक्समधलं बेअरिंग जळलं होतं. तेल पाण्यासारखं पातळ होऊन सीलमधून वाहून गेलं होतं. दुसऱ्या ट्रकमध्ये पेट्या चढवून माल कोल्हापूरला पोचला तो दुसऱ्या दिवशी, आणि अर्धा मऊ पडलेला. ती बाई आमच्यावर ओरडेल म्हणून मी मनाची तयारी केली होती. तिनं एक पेटी माझ्यापुढे ठेवली. "हे आता बाजारात जात नाहीत. तुम्हीच खा." त्या आंब्यांइतका गोड आंबा मी नंतर खाल्लेला नाही, आणि तो घशाखाली उतरताना इतकं वाईटही कधी वाटलं नाही.

गिअरबॉक्स त्याआधीही एकदा गेला होता. ह्या वेळी ह्यांनी तो खोलून बाकावर मांडला आणि जेवताना घोषणा केली, "इंजिनाला रेडिएटर असतोय. मग गिअरबॉक्सच्या तेलाला का नसावा? मी बसवणार."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर चाचा खो खो हसले. "मालक, कंपनीवाले खुळे हायत व्हय? लागत असता तर त्यांनीच दिला असता की."

"कंपनीनं ही गाडी सैनिक न्यायला केलती चाचा, भरल्या ट्रकाला घाटात ओढायला न्हाय."

"थांबत थांबत न्हेली तर न्हेतीया की ही गाडी. घाई तुमी केलासा."

दोघांचंही मला पटत होतं, म्हणून मी मधे पडले. म्हटलं, भांडता कशाला, तेल नेमकं किती तापतं ते आधी मोजू. शाळेच्या प्रयोगशाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानातून मी स्वतःसाठी एक मोठा थर्मामीटर आणला, पाण्याच्या उकळीच्या पुष्कळ वर पारा जाणारा. काच फुटून गिअरांत पडू नये म्हणून ह्यांनी त्याला भोकं पाडलेल्या तांब्याच्या नळीत बसवलं. गिअरबॉक्स दुरुस्त झाल्यावर पहिल्याच टोचनाला मी बरोबर गेले. चाचांनी गाडी थांबवली की मी तेल भरायच्या भोकाचं बूच काढायला लावायचे आणि नळी आत सोडायचे. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. एकानं विचारलंच, "गाडीला ताप आलाय काय ओ?"

"आलाय," चाचा म्हणाले. "डाक्टरीणबाई बघायल्यात."

पारा उकळत्या पाण्याच्या वर गेला होता. तेवढ्यानं तेल लगेच जळत नाही; पण अजून निम्मा घाट बाकी होता. आणि मोकळ्या ट्रकनं तोच घाट उतरून चढून आल्यावर तेच तेल हाताला जेमतेम कोमट लागलं. म्हणजे उष्णता घाटाची नव्हती, ओढण्याची होती. हे कळलं आणि मी ह्यांच्या बाजूची झाले.

पाण्याचे बंब करणाऱ्या एका तांबटाकडे आम्ही दोघं गेलो. तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि त्याला डाख देऊन बसवलेल्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या, असं चित्र मी खडूनं त्याच्या ओट्यावरच काढून दाखवलं. त्यानं ते डोकं वाकडं करून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"ह्यात पाणी कुठनं घालायचं?"

"पाणी न्हाय. तेल निववायचंय," हे म्हणाले.

"बंब तापवायला असतोय, पावणं. तुमी निववायला मागायलाय." पण त्यानं केला, आणि असा केला की पुढे इतकी वर्षं त्याचा एक सांधा गळला नाही.

तेल फिरवायला उद्यमनगरातून एक छोटा पंप करून घेतला. विंच फिरवणारा दांडा गिअरबॉक्सच्या कुशीतून निघत होता. विंच मोकळी सोडून नुसता दांडा फिरता ठेवता यायचा. त्यावर पुली चढवून पट्ट्यानं पंप जोडला. वेटोळं बसवलं इंजिनाच्या रेडिएटरच्या पुढे, कारण वारा तिथेच लागतो. ह्यांचा आनंद बघण्यासारखा होता. गॅरेजमध्ये येईल त्याला वाकवून ते दाखवायचे.

पहिल्याच चढाला इंजिन उकळलं. गिअरबॉक्सच्या तेलाची सगळी उष्णता वेटोळ्यातून निघाली आणि मागच्या रेडिएटरच्या तोंडावर गेली. निम्म्या घाटात वाफेचा लोट उठला. चाचांनी रेडिएटरचं झाकण फडक्यानं दाबून धरलं आणि ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "एकाचा ताप काढून दुसऱ्याला दिलासा मालक."

घरी येऊन हे जेवले नाहीत. मी कपाळाला हात लावून बसण्यातली नाही, पण त्या दिवशी मलाही सुचेना. सुचलं ते सकाळी वर्गात. मुलींना बाष्पीभवन शिकवताना मी ओला रुमाल हलवून दाखवत होते. हलवला की लवकर वाळतो, लटकता ठेवला की वेळ लागतो. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की टोचन लावलेली गाडी जवळपास लटकलेल्या रुमालासारखीच असते. चालीच्या वेगानं चढणाऱ्या गाडीला वारा लागतोच कुठे? पुढे बसवलं काय नि मागे, वारा आपणच करायला हवा. तास संपल्यावर मी मुख्याध्यापिकांना पोटात दुखतंय असं सांगून सुट्टी घेतली आणि सायकलीवरून गॅरेज गाठलं.

"वेटोळं केबिनच्या मागे घ्या," मी सायकल टाकतच म्हटलं, "आणि त्याला स्वतःचा पंखा द्या. त्याच दांड्यावरून."

ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "शाळा सुटली व्हय?"

"सोडून आले."

त्या दिवशी पहिल्यांदा चाचांनी कामाला हात लावला. तोवर ते बाजूला उभे राहून बघायचे. पंख्याला जाळी हवी, नाहीतर टोचनाच्या दोराचं टोक उडून पात्यांत जाईल, हे त्यांनी सांगितलं. तेल वेटोळ्यात जाण्याआधी जाळीतून गाळायचं, हे ह्यांनी ठरवलं. जेवणाचा डबा घरून मागवून आम्ही तिथेच खाल्ला, तांबडा रस्सा पत्र्याच्या ताटलीत ओतून घेऊन.

पुढच्या टोचनाला मी मुद्दाम रजा काढून गेले. मागे सिमेंटची गाडी होती, आंब्यांपेक्षा जड. पायाखालचा पत्रा गरम झाला, पण चटका नाही. नेहमीचं थांबायचं वळण आलं. चाचांनी वेग कमी केला, क्षणभर ऐकलं आणि थांबलेच नाहीत. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. घाटमाथ्यावर पोचून त्यांनी गाडी उभी केली, खाली उतरले आणि गिअरबॉक्सच्या खोक्याला उघडा तळवा लावला. लगेच काढला, पण हसत. मी थर्मामीटर सोडला. पारा उकळीच्या बराच खाली थांबला होता.

"काय म्हणतोय तुमचा पारा?"

"बरा आहे म्हणतोय."

"माझा हातबी तेच म्हणतोय, वैनी."

त्यानंतर बातमी पसरली. लाइनीवरचे ट्रकवाले आपल्या गाड्या घेऊन यायला लागले: आमालाबी तसला बंब बसवा. वेटोळ्याला आता सगळे बंबच म्हणायचे. त्यांतल्या बहुतेकांच्या गाड्या सपाटीवर ऊस नाहीतर गूळ वाहणाऱ्या. मी दोघातिघांचं तेल मोजलं. ते कधीच फार तापत नव्हतं. हे त्यांना परत पाठवायचे. "तुमच्या गाडीला गरज न्हाय. आहे त्या तेलाची पातळी बघा, वेळेवर बदला." काहीजण रागावून दुसरीकडे जाऊन बसवून आले. पुढे त्यांतल्या एकाची नळी खडकाला घासून फुटली, सगळं तेल सांडलं आणि चांगला गिअरबॉक्स गेला. जादा नळी म्हणजे फुटायला जादा जागा, हे कुणी ऐकून घेत नाही. ज्यांच्या गाड्या खरोखर घाटात ओढायच्या, अशांना मात्र ह्यांनी मनापासून बसवून दिले, आणि त्यातला एकही तक्रार घेऊन आला नाही.

आम्ही सगळंच जिंकलो असंही नाही. एका उन्हाळ्यात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी गच्च भरलेली गाडी ओढायची होती. चाचा म्हणाले, निम्मे चिरे उतरवा. ह्यांना आता आपल्या बंबाचा भारी विश्वास. "तेल थंड हाय तवर काय होत न्हाय," म्हणाले. तेल शेवटपर्यंत थंड राहिलं. क्लच मात्र तिसऱ्या वळणावर जळाला. भररस्त्यात दोन्ही गाड्यांच्या चाकांना दगड लावून चाचा कठड्यावर बसले आणि त्यांनी बिडी पेटवली.

"मालक, पाय गार ठेवलं म्हणून माणूस डोंगर उचलत न्हाय."

हे मागच्या गाडीवर चढले. मग स्वतःच चिरे उतरवायला लागले. शर्ट काढून, एकेक चिरा छातीला लावून. संध्याकाळी लाल मातीनं माखून घरी आले तेव्हा मला वाटलं चिडलेले असतील. उलट अंघोळीच्या पाण्याची वाट बघत पायरीवर बसून मला समजावून सांगायला लागले, बंब काय करतो आणि काय करत नाही. तेलाचा ताप काढतो, गिअरचं आयुष्य वाढवतो. गाडीचं बळ वाढवत नाही. जणू मला ते माहीतच नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं.

ऐंशीच्या दशकात मोठ्या क्रेनवाल्या गाड्या आल्या आणि आमच्या ट्रकचं काम कमी झालं. चाचांचे गुडघे दुखायला लागले होते. त्यांनी गाडी सोडली, पण रोज सकाळी गॅरेजवर चहाला यायचे. ट्रक विकायचं ठरलं तेव्हा गडहिंग्लजहून एकजण बघायला आला. त्याला खात्री पटावी म्हणून ह्यांनी त्याच्यासमोर गिअरबॉक्सचं वरचं झाकण खोललं. चाचा खुर्ची ओढून जवळ बसले. मला हाक मारून बोलावलं. आत तेल स्वच्छ मधाच्या रंगाचं, आणि गिअरांचे दात सगळे शाबूत. इतकी वर्षं घाटांत ओढूनही एकाचीही कड उडालेली नव्हती.

गिऱ्हाईकानं केबिनमागच्या वेटोळ्याकडे बोट केलं. "हे काढलं तर चालतंय काय? मला उसाच्या ट्रॉल्याच ओढायच्यात, सपाटीला."

"सपाटीला काढलं तरी चालतंय," हे म्हणाले.

चाचांनी खुर्चीतूनच विचारलं, "गडहिंग्लजला जाताना चढ लागत न्हाय व्हय, पावणं?"

"लागतोय की थोडा."

"मग राहू द्या."

त्यानं ते राहू दिलं.