सुभद्रा सिस्टरचा टब

सुभद्रा सिस्टर कोणाच्याही घरी गेली की आधी न्हाणीघर पाहायला मागायची. देवघर, झोपाळा, नवीकोरी शिलाई मशीन, सगळं नंतर. न्हाणीच्या भिंतीवरून ती एक बोट फिरवायची, ते नाकाशी न्यायची आणि त्या घराबद्दलचं मत कायमचं ठरवून टाकायची.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी रामपायलीहून बैहरच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आले होते आणि ती तिथे नर्स होती. एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून एका लाकूड-ठेकेदाराच्या जुन्या बंगल्याचा मागचा भाग आम्ही दोघींनी मिळून घेतला. तिथल्या न्हाणीत गोऱ्या साहेबाच्या काळातला टब होता. लोखंडी, आतून पांढऱ्या मुलाम्याचा, चार पंजांवर उभा. म्हणजे तो पांढरा होता हे आम्हाला फार उशिरा कळलं. साहेब गेल्यावर त्यात कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या. मग कोणा भाडेकरूने मोहाची फुलं भिजत घातली. तळाला काळा चिकट थर, कडेने क्षाराचं जाड कडं, नळाखाली गंजाचा तांबडा ओघळ. वर एक फवाराही होता. त्याची सगळी भोकं बुजलेली. उरल्यासुरल्या एका भोकातून धार निघायची, ती थेट समोरच्या भिंतीवर.

"सिस्टर, हे भंगारात देऊन टाकू," मी म्हणाले.

"काहून? माणूस मळला तं त्याले भंगारात देतेस का व, मास्तरीण?"

मी हौसेने खुरपं आणलं. तिने ते हिसकावून अंगणात फेकलं. "खरवडू नको! मुलामा गेला तं मंग रडत बसशील. मळाले आंधी भिजू दे. त्याले वाटलं पाह्यजे का आपण आपल्याच मर्जीनं निघून राह्यलो."

कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तिने टब भिजत ठेवला. मोहाचा असा वास उठला, की जाता-येता लोक आमच्या दाराकडे संशयाने पाहू लागले. दोन अविवाहित बाया घरात दारू गाळतात, अशी बातमी माझ्या हेडबाईंपर्यंत पोचली. त्या स्वतः येऊन टब पाहून गेल्या आणि जाताना नाकाला पदर लावून म्हणाल्या, "यापेक्षा दारू बरी."

सोड्यानंतर चिंचेचा कोळ, कोळानंतर राख आणि नारळाची शेंडी. टबात उकिडवी बसून सिस्टर घासायची आणि प्रत्येक डागाशी भांडायची. "तू अजून इथंच? थांब, दाखवतो तुले." तिकडच्या बायाही 'करतो, जातो' असंच बोलतात. फवारा काढून तिने चिंचेच्या पाण्यात उकळला आणि त्याचं एकेक भोक बोथट झालेल्या इंजेक्शनच्या सुईने मोकळं केलं. पहिल्यांदा वरून पाण्याची सर कोसळली, तेव्हा आम्ही दोघी लुगड्यांसकट खाली उभ्या होतो आणि पोरींसारख्या किंचाळत होतो.

"दिवसभर मी लोकाईचं रक्त-पू पुसतो," ती म्हणाली. "संध्याकाळी मले राणीवानी न्हायचं हाय."

समोर गावच्या पाटलाची बायको, पटलीणकाकू राहायच्या. सिस्टरच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. जुनी जात त्यांनी मागे टाकली, पण काकूंच्या लेखी ती जिथल्या तिथे होती. त्यांच्या अंगणातल्या विहिरीवर मला मुभा होती, सिस्टरला नाही. म्हणून मीही जात नसे. आमचा कावडीवाला दूरच्या सरकारी विहिरीवरून पाणी आणून न्हाणीवरची टाकी भरायचा. काकू ओसरीवरून पाहायच्या आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "साहेबीण न्हाते व आता!"

त्या हिवाळ्यात काकूंच्या घरात खरूज शिरली. दवाखान्यात गेलं तर गावभर बोभाटा होणार, म्हणून दिवेलागणीला त्या नातवाला घेऊन आमच्या मागच्या दाराशी आल्या. नातवाच्या बोटांच्या बेचक्यांतून रक्त येत होतं.

"मलम दे. वरून टाक हातावर," काकू म्हणाल्या.

"देतो नं. पण आंधी गरम पाण्यात बसाव लागते. पोराले बी, तुमाले बी."

"घरी करतो आमी."

"घरी दोन तांबे अंगावर घेऊन मोकळ्या व्हाल तुमी. मले माहीत हाय."

नातवाने तेवढ्यात चड्डी काढून टबात उडी मारली होती. आतून खळखळाट ऐकू येऊ लागला. काकू न्हाणीच्या उंबऱ्याशी थबकल्या.

"यात तू न्हातेस?"

"हौ, रोज."

काकूंनी मान लांबवून टबात डोकावून पाहिलं. मग काकूंनी हळूच विचारलं, "धुतला हाय नं चांगला?"

"धुतला हाय," सिस्टर शांतपणे म्हणाली. "तुमी न्हाऊन गेल्या का याहून जास्त धुवीन."

काकूंनी डोळे वटारले, ओठ दाबले आणि मग त्यांना हसू आवरेना. पोट धरून हसत, नऊवारीसकट त्या टबात उतरल्या. बाहेर काढायला मात्र आम्हाला विनवण्या कराव्या लागल्या. "अजून थोडं उनं पाणी टाक व," एवढंच त्या डोळे मिटून म्हणत राहिल्या. नंतर सिस्टरने त्यांच्या पाठीला हाताने गंधकाचं मलम चोळलं, आणि त्यांनी ते चोळू दिलं.

मग एकेक करून सारं घर येऊन न्हाऊन गेलं. खरूज गेली. पुढे एका सकाळी काकूंनी रस्त्यापलीकडून हाक मारली, "सिस्टर, कावडीवाल्याले सांग, आमच्या विहिरीचं पाणी भरत जाय."

"कावडीवाला कशाले? मीच येऊन शेंदतो."

काकूंनी एकदा विहिरीकडे पाहिलं. "तं शेंद नं! मी का हात धरला तुहा?"

सिस्टर बादली घेऊन रस्ता ओलांडून गेली. पहिली बादली वर आली, तेव्हा तिने आधी तिथेच ओंजळभर पाणी पिऊन घेतलं, हे मी बंगल्यातूनही पाहिलं.

तीन-चार वर्षांनी तिची उकव्याला बदली झाली. बसस्टँडवर मी रडत होते आणि ती मला दटावत होती, "उकव्याले रोज बस जाते. मी मेलो नाही." बस निघायच्या बेतात असताना काकू धापा टाकत आल्या आणि खिडकीतून एक डबा आत सरकवला. तिखट पुऱ्या होत्या. सिस्टरने तिथेच डबा उघडला, एक पुरी मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि उरलेली अर्धी खिडकीतून काकूंपुढे धरली.

"घ्या, तुमी बी खा."

स्टँडवर अर्धं बैहर उभं होतं. चहावाला, कंडक्टर, काकूंच्या भावकीतली दोन माणसं, सगळे पाहत होते. काकूंनी एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली. मग सिस्टरच्या हातातली पुरी घेतली आणि सावकाश, चावून चावून खाल्ली.

बस हलली. सिस्टर खिडकीतून डोकं काढून ओरडली, "मीठ कमी हाय, काकू!"

काकू बसमागे चार पावलं धावल्या आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तं पुढच्या खेपेले तूच करून आण व!"