मुकिंदमामांचा कोट

"आबा, मुकिंदमामा गेले," असं माझी नात प्रज्ञा दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाली, तेव्हा मी मशीनवर एका सदऱ्याची बाही जोडत होतो. मी उठलो नाही. बाही पुरी केली, दोरा तोडला आणि मग विचारलं, "कधी?" पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की बस्स... मयतीला गेलो, पण मागंच उभा राहिलो. तीन वर्षं ज्या माणसाशी बोललो नाही, त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत होईना. आणि खरं सांगू? राग गेला नव्हता. दीड महिना झाला, अजूनही गेलेला नाही.

आमच्या नांदेडच्या गल्लीतला माणूस भारताकडून फुटबॉल खेळला असं सांगितलं तर आज लोक हसतात. पण खेळला. पोरवयात चुलत्याकडं हैदराबादला गेला, पायाला पट्ट्या गुंडाळून अनवाणी खेळायला शिकला, नोकरी सांभाळून खेळत राहिला आणि एके वर्षी देशाच्या संघातून परदेशात तीन सामने खेळून आला. पैशाचं विचारलं की मामा हसायचे. "पैसा कशाचा रे? हौशी खेळाडू होतो आम्ही. रजा बिनपगारी, आन् मिळाला काय, तर ह्यो कोट." निळा कोट, छातीवर देशाचा बिल्ला. पुढं घोटा मोडला तेव्हा त्या कोटासकट मामा नांदेडला परतले आणि एका कचेरीत शिपाई म्हणून लागले.

आता त्या कोटाचं सांगतो. त्या काळी आमच्या वस्तीत कोट होता कुणाकडं? नवरदेवाला निदान फोटोपुरता तरी पाहिजे, म्हणून मामांनी शेजारच्या पोराला एकदा दिला आणि मग रीतच पडली. मी टेलर, म्हणून कोट माझ्या दुकानात राहायचा. लग्न ठरलं की नवरदेव यायचा, मी माप घ्यायचो. बारीक असला तर कच्चे टाके घालून कोट दोन बोटं आत घ्यायचो, जाडा असला तर बटण सरकवायचो. लग्न उरकलं की टाके उसवून कोट परत खुंटीला. कात्री कधी लावली नाही. माझ्या स्वतःच्या लग्नाचा फोटो त्याच कोटातला. आमच्या गल्लीत घराघरांच्या भिंती बघा, नवरे वेगवेगळे, कोट एकच. "सगळी गल्लीच इंडियाकडून खेळली की रे!" असं म्हणून मामा खो खो हसायचे.

नाल्यापलीकडचं मैदान म्हणजे मामांचा दुसरा जीव. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी डब्यात चुना घेऊन जायचे, रेघा मारायचे आणि पोरींना खेळ शिकवायचे. हो, पोरींना! प्रज्ञा त्यांच्याच हाताखाली तयार झाली, जिल्ह्याच्या संघात गेली. त्या मैदानावर दुकानांची इमारत बांधायचं चार पुढाऱ्यांच्या मनात आलं, तेव्हा मामा भडकले. "मी हाय तवर कोण हात लावतंय बघतो की!" त्या शब्दावर आम्ही निर्धास्त. विरोधाचा अर्ज लिहिला, गल्लीभर सह्या घेतल्या आणि सगळ्यात वरची ओळ मामांसाठी कोरी ठेवली. भारताकडून खेळलेल्या माणसाची सही म्हणजे काय थट्टा आहे?

त्याच आठवड्यात मामा दुकानात आले. "माझा कोट दे रे. उद्या सत्कार हाय म्हणतेत." मला इतका आनंद झाला! अर्ज पुढं केला, तर म्हणाले, "उद्या करतो की." कोट अंगात चढवला तो नुसता लोंबत होता, माणूस पार वाळला होता. मी टाचण्या लावून सुई घेतली.

"कच्चे नगं," मामा म्हणाले. "मशीनवर पक्की शिलाई मार."

"आन् मामा, कुणाला द्यायचा झाला तर?"

"आता कोणाला द्यायचा न्हाई. माझा हाय त्यो."

म्हातारपणाची हौस असेल, म्हटलं. शिलाई मारली, इस्त्री फिरवली, छातीचा बिल्ला ओल्या फडक्यानं पुसला. याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मंडप. त्याच पुढाऱ्यांच्या शेजारी, खुर्चीवर मामा. अंगात कोट, खांद्यावर शाल. मग ते उठले आणि त्यांनी इमारतीच्या पायाचा नारळ फोडला. आंतरराष्ट्रीय खेळाडूचा या कामाला आशीर्वाद आहे, असं माईकवरून सांगितलं गेलं. प्रज्ञा माझ्या शेजारी उभी होती, खेळायचे बूट हातात घेऊन. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आबा, कोट तुम्ही दिला?"

संध्याकाळी मामांच्या घरी गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "एका शालीसाठी पोरींचं मैदान घालवलंत, मामा!" ते म्हणाले, "साठ वर्षं झाली रे. मला कोणी खुर्चीवर बसीवलं न्हाई. त्यांनी बसीवलं. इमारतीला माझं नाव देणार म्हणलेत."

"आन् आम्ही? तुमच्या कोटात आम्ही लग्नं केली, ते काहीच न्हाई का?"

मी उठलो, ते कायमचंच. वरची ओळ कोरी ठेवूनच अर्ज गेला, आणि त्याला कुणी विचारलं नाही. इमारत उभी राहिली. पाटीवर नाव लागलं ते एका पुढाऱ्याच्या वडलांचं. ऐकून मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आमचा केसानं गळा कापलात ना, घ्या मग!

मयतीनंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मामांचा मुलगा कोट घेऊन दुकानात आला. "बाबा म्हणले होते, टेलरकडंच राहू दे." शिलाई उसवून कोट मोकळा करावा म्हणून मी ब्लेड काढलं. आधी खिसे उलटे केले, ती आमची धंद्याची सवय. उजव्या खिशातून पांढरी भुकटी सांडली. चुना होता. मुलगा म्हणाला, "रोज सकाळी कोट घालून त्या इमारतीकडं जायचे. इचारलं तर सांगायचे न्हाईत."

शिलाई उसवायची तशीच राहिली, कोट खुंटीला लावला. मी कधी त्या इमारतीत पाय टाकला नव्हता. दुसऱ्या दिवशी गेलो. तळाच्या पार्किंगमध्ये वॉचमननं एक मोटारसायकल बाजूला घेऊन दाखवलं. फरशीवर थाळीएवढा पांढरा ठिपका होता, पुसट झालेला. "म्हातारा रोज यायचा, खिशातून चुना काढून हितंच टाकायचा. म्या झाडायचो, त्यो परत टाकायचा. येडा होता का हो काका?" मी बाहेरच्या, मैदानाच्या वेळच्या कडुलिंबावरून अंदाज घेतला. मैदानाचा मधला ठिपका, जिथं चेंडू ठेवून खेळ सुरू करायचे, तो बरोब्बर तिथंच होता.

मी तिथं उभा राहून मामांना शिव्या दिल्या. चिमूटभर चुन्यानं मैदान परत येतं का हो? चुकलं एवढं एकदा म्हणायचं होतं, मला नाही तर त्या पोरीला तरी. माझं दुकान तुमच्या वाटेवरच होतं की... तीन वर्षं रोज समोरून गेलात, पायरी चढला नाहीत. आणि मीही मशीनवरून मान वर केली नाही.

परवा गल्लीतला एक पोरगा आला. त्याच्या बापाचं लग्न त्याच कोटात झालेलं, त्यालाही हौसेनं फोटोपुरता पाहिजे होता. खुंटीवरून काढून दिला, तर त्याच्या पाठीवर ताणला, पुढची बटणं काही केल्या जुळेनात. "टाके उसवा की काका," म्हणाला. ब्लेड हातात घेतलं. शिलाईला टेकवलं. मग खाली ठेवलं आणि त्याला म्हणालो, "न्हाई बाबा. ह्यो कोट आता एकाच माणसाच्या मापाचा हाय."