बापाची शुद्ध लोकर

"ताई, बाई हसायलीय का रडायलीय?" बाबुरावांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

व्हिडिओ कॉलवर डेन्मार्कच्या मेटबाई डोळे पुसत होत्या. हसतच होत्या, पण आवाज फुटत नव्हता.

परभणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला तयार करणं. बाबुराव सोनपेठकडचे, घोंगड्या विणतात. मेटबाईंनी त्यांच्याकडून दीडशे घोंगड्या घेतल्या होत्या. माल स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे अशा तीन देशांतल्या दुकानांत जाणार होता. प्रत्येक घोंगडीला मी छापलेला टॅग, त्यावर तीन भाषांत एकच ओळ : मेंढीची शुद्ध लोकर. माल ट्रान्सपोर्टच्या गोडाउनला पोचला होता. गाडी पाचला निघणार होती. बाबुराव आणि त्यांचे वडील आबा माझ्याकडे चहाला टेकले होते. बाबुरावांनी कौतुकानं टॅगचा फोटो मेटबाईंना पाठवला आणि हा फोन आला.

"यावर लिहिलंय, बापाची शुद्ध लोकर," मेटबाई इंग्रजीत म्हणाल्या.

भानगड अशी. स्वीडन-डेन्मार्कमध्ये मेंढीला får म्हणतात. उच्चार साधारण 'फोर'. त्यातल्या a च्या डोक्यावर बारीक गोल असतो. तो काढला की उरतो far. म्हणजे बाप.

गोल मीच उडवले होते. मजकूर आला होता तो हातानं लिहिलेल्या कागदाच्या फोटोवर. कागदभर डाग, ठिपके. त्यातच हेही धरले आणि टाइप करताना गाळले. 'भाडे' आणि 'भांडे' यांतला फरक एक टिंब करतं, हे वीस वर्षं जाणणारी बाई मी! वर प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, पाठवायचंही राहिलं.

मी बाबुरावांना सगळं सांगितलं. आबांनी कान दिला होता.

"कोन्या बापाची म्हनायलीय ती?"

"घोंगड्या बाबुरावांच्या, आबा. म्हणजे तुमचीच."

आबांनी टोपी काढून टकलावरून हात फिरवला. "एका टोपड्यापुरतीबी लोकर न्हाई इथं. दीडशे घोंगड्या कुठून काढू?"

बाबुरावांना हसू येईना. "ताई, माल वापस आला तर दोन महिने विनलेलं पान्यात."

मेटबाईही गंभीर झाल्या. असा टॅग दुकानं घेणार नाहीत, म्हणाल्या.

साडेतीन झाले होते. नवे टॅग छापून, वाळवून, कापायला दोन दिवस लागले असते. पेननं गोल काढून पाहिला, तो बटाट्यासारखा आला. मग रिकाम्या रिफिलचं मागचं टोक स्टँपपॅडवर टेकवलं आणि a च्या वर दाबलं. इवलासा, अगदी नेटका गोल.

आम्ही तिघं रिफिली घेऊन गोडाउनला गेलो. एका टॅगवर तीन गोल. स्वीडनच्या ओळीत आणखी एका शब्दावर गोल होता म्हणून दोन, डेन्मार्कच्या ओळीत एक. नॉर्वेवाले मेंढीला sau म्हणतात, तिथं काही करायचं नव्हतं. पण चाळीसेक टॅग झाल्यावर पाहते तर आबांनी नॉर्वेलाही गोल दिलेले.

"आबा, तिथं नको!"

"का? त्यांच्या मेंढरानं काय घोडं मारलं?"

पुसायला वेळ नव्हता. पाचला दहा कमी असताना शेवटचा गोल बसला आणि गाडी गेली.

माल परत आला नाही. नॉर्वेच्या गोलांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. महिन्यानं मेटबाईंचा मेसेज आला. एक टॅग आमच्या हातून सुटला होता. 'बापाची शुद्ध लोकर' वाचून एका गिऱ्हाइकानं ती घोंगडी हट्टानं आपल्या वडिलांसाठी नेली. आता त्या दुकानाला तशाच तीस हव्यात, गोल न देता.

"बगा," आबा म्हणाले, "लोकर माहीच खपली."

त्या तीस टॅगांचं प्रूफ मी चारदा वाचलं आणि मेटबाईंकडून दोनदा तपासून घेतलं. चूक मुद्दाम छापायची असली की फार जपावं लागतं.