जमनाबाईची पाटी

सातपाटीच्या जमनाबाईला कुणी ‘अंगानं भरलेली’ म्हटलं की बरं वाटायचं. खात्यापित्या घरची खूण, दुसरं काय! पालघरच्या मासळीबाजारात आईनंतर तिला आईचीच जागा मिळाली होती. डोक्यावर पाटी घेऊन ती फाटकातून थेट त्या जागेवर जायची. वाटेत कुणी आडवं आलं तर त्याचीच पंचाईत.

मग तिला धाप लागू लागली. संध्याकाळी सुजल्या पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राही. पाटी सून स्वाती उचलू लागली आणि गिऱ्हाइकं भावही स्वातीलाच विचारू लागली. हे मात्र जमनाबाईच्या जिव्हारी लागलं. ती पाटी तिला परत आपल्या डोक्यावर हवी होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वजन वाढलंय, रक्तदाब चढलाय, एवढ्या अंगाला रक्त पुरवताना हृदयाची दमछाक होतेय. नवरा एकनाथ बोटीवरचा माणूस. तो म्हणाला, “इंजिन तेच, माल दुप्पट. किती दिवस ओढंल?” जमनाबाई त्याच्यावर तडकली.

भात निम्म्यावर आला, तळण बंद झालं, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि सकाळी किनाऱ्यानं चालणंही. बाई हट्टाला पेटली होती. तरी पाय सुजायचे ते सुजायचेच. डॉक्टरांनी खोदून विचारलं, काय काय खाता? तिनं सांगितलं, अगदी खरं सांगितलं. शेवटी स्वातीला राहवेना.

“आई, खारं राहिलं ना सांगायचं.”

“खारं काय जेवण हाय?” जमनाबाई म्हणाली. “तोंडाला लावायला असतं ते.”

भात कमी झाल्यापासून खाऱ्या मासळीचा तुकडा दोन्ही वेळा पानात येत होता, आणि सातपाटीत खारं कोण मोजतं? त्या मिठानंच अंगात पाणी साठतं, दाब चढतो, असं डॉक्टर म्हणाले. कोपरापर्यंत हात मिठात घालून मासळी खारवणाऱ्या बाईला आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला.

खारवणं चालूच राहिलं, तो तर धंदा. खाणं तिनं बंद केलं. जीभ रोज भांडायची, पण भांडणात जमनाबाई कुणाचं ऐकते थोडीच! सकाळी चालताना किनाऱ्यावरच्या पालथ्या घातलेल्या होडीपाशी ती दम खायला टेकायची. हळूहळू ती होडी न थांबता ओलांडू लागली. सूज उतरली, चोळी सैल झाली. “वाळलीस गो,” म्हणून जाऊ हळहळली. जमनाबाईनं ते कानाआड केलं.

डॉक्टरांनी हलकं ओझं उचलायला परवानगी दिली, तेव्हा तिनं स्वातीला पुढं धाडलं आणि निम्मी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन फाटकातून आत आली. कुठं थांबली नाही. बायका वळून बघत होत्या, आणि तिला झालेला आनंद तिनं मुळीच लपवला नाही. स्वाती लगबगीनं जागेवरून उठली.

“बसा आई.”

“तू बस,” जमनाबाई पाटी उतरवत म्हणाली. “मी जरा उभीच रहाते.”