सरांच्या घरातली मुलाखत

पीएच.डी.ला मला जे मार्गदर्शक मिळाले त्यांच्याबद्दल खानदेशात लोक आदराने बोलतात. मला ते कधी जमलं नाही. धुळ्याच्या एका कॉलेजात ते समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते. मुलींचं शिक्षण आणि कुटुंबातले निर्णय हा त्यांचा विषय, आणि त्यावर बोलायला कुणीही बोलावलं तरी ते जात. बायकांच्या दुःखावर बोलताना त्यांचा आवाज असा काही ओला व्हायचा, की पहिल्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपायच्या. भाषण संपलं की सर खाली उतरून विचारायचे, "चहा झाला का गं कुणाचा करून?"

मी जळगावच्या एका कॉलेजात शिकवायची आणि तिथून एसटीने धुळ्याला जायची. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या विषयाबद्दल काही विचारलं नाही. लग्न झालंय का, मिस्टर काय करतात, सासूबाईंची परवानगी आहे का, एवढं विचारलं. परवानगी आहे म्हटल्यावर म्हणाले, "छान. असं घर मिळायला भाग्य लागतं." मग ते माझ्याकडे अशा कौतुकाने बघायला लागले, जणू ते भाग्य त्यांनीच मिळवून दिलं होतं.

त्यांच्या मोठ्या प्रकल्पात मला मुलाखती घेण्याचं काम मिळालं. भडगावकडच्या एका गावात आम्ही गेलो तेव्हाचं दृश्य मला अजून स्वच्छ आठवतं. ओट्यावर खाट टाकलेली, खाटेवर सर आणि घरचे आबा. आबांची सून दाराच्या आत शेंगा फोडत बसलेली. तिच्या मुलीचं लग्न दहावी झाल्या झाल्या लावलं होतं, म्हणून ते घर आमच्या कामाचं.

सरांनी आबांना विचारलं, "मुलीच्या शिक्षणाचा निर्णय घरात कोण घेतं?"

"बठ्ठा मिळीसन घेतस," आबा म्हणाले.

"लिही, सर्वांच्या विचाराने," सर मला म्हणाले.

मी म्हटलं, "सर, मुलीच्या आईला विचारू का?"

आबाच म्हणाले, "तिले काय समजस?" आणि सर हसले. दोघंही हसले. मी उठून आत गेले आणि त्या बाईजवळ खाली बसले. तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही, मान वर केली नाही, फक्त हळू आवाजात म्हणाली, "माले पोरले शिकाडानं व्हतं. माले कोन इचारस?"

परतताना गाडीत सर माझ्यावर चिडले. पुरुष माणूस समोर उत्तर देत असताना आत जाऊन बसणं बरं दिसत नाही, त्याने गावातले दरवाजे बंद होतात, संशोधनाला शिस्त लागते, असं बरंच काही. मी एरंडोल येईपर्यंत ऐकून घेतलं. ज्या बाईवर हा माणूस पुस्तक लिहिणार होता, तिचा आवाज ऐकायची त्याला गरज वाटत नव्हती. गरज कशाची होती, तर त्या आवाजाबद्दल बोलायच्या व्यासपीठाची.

धुळ्याला त्यांच्या घरी माझं जाणं वाढलं ते त्यांच्या सुनेमुळे. मी तिला वहिनी म्हणायची, वयाने ती माझ्याएवढीच. रसायनशास्त्रात एम.एस्सी., वर बी.एड. सरांच्या अहवालातले तक्ते तीच करायची, मराठी तीच सुधारायची, संदर्भ तीच लावायची. एकदा तिने सरांना त्यांच्या मांडणीतली चूक दाखवली. दोन गावांची उत्तरं त्यांनी एकमेकांत मिसळली होती. सर म्हणाले, "हो का? बरं, चहा टाक." चूक मात्र दुरुस्त करून घेतली. प्रस्तावनेत प्रेसवाल्याचे आभार होते, तिचे नव्हते.

तिचे यजमान, म्हणजे सरांचे चिरंजीव, एका खाजगी कंपनीत साहेब होते. या गृहस्थांच्या तोंडून मी वर्षभरात "बाबा म्हणतील तसं" यापलीकडे वाक्य ऐकलं नाही. जेवायला बसले की ताटात काय हवं तेसुद्धा बाबांनी सांगावं आणि यांनी खावं.

त्या दिवसांत वहिनीने पिंपळनेरकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञानशिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतही दिली होती. मला तिने गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं. घरी सांगितल्यावर काय झालं, तेही सांगितलं. सर म्हणाले होते, "पिंपळनेर? तिकडे आपल्यासारख्यांनी राहायचं? आणि छोटीचं काय?" छोटी म्हणजे तिची चार वर्षांची मुलगी. नवरा म्हणाला होता, बाबा म्हणतील तसं. विषय तिथे संपला, असं घरातल्या सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी कुठे काय धरलंय," ती म्हणाली आणि चादर झटकली.

त्याच सुमारास सरांच्या डोक्यात आलं की शहरातल्या सुशिक्षित घरांच्या मुलाखतींत आपलंही घर असावं. "आदर्श उदाहरण म्हणून," ते मला म्हणाले. "लोकांना कळू दे, जे आम्ही सांगतो ते आमच्या घरात आहे." मी नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते बघायचंच होतं.

रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या बैठकीत बसलो. सर सोफ्यावर, चिरंजीव शेजारी मोबाईल घेऊन, काकू म्हणजे सरांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात. वहिनी माझ्यासमोर खुर्चीवर. ती कुणाला न विचारता खुर्चीवर बसली, एवढ्यानेच सरांच्या कपाळावर आठी आली.

मी पहिला प्रश्न विचारला. शिक्षण किती? सर म्हणाले, "एम.एस्सी. आहे. आम्ही मुद्दाम शिकलेली सून केली." मी पुढचा विचारला. घरातल्या कामांची वाटणी कशी आहे? सर म्हणाले, "आमच्याकडे वाटणी वगैरे नसते, सगळं प्रेमाने चालतं." मी वहिनीकडे बघून विचारलं, घराबाहेर नोकरी करायची इच्छा आहे का?

"तिला तशी गरज नाही," सर म्हणाले. "लिही, इच्छा नाही."

वहिनीने मला विचारलं, "प्रश्न मला आहे की यांना?"

"तुम्हाला," मी म्हटलं.

"मग लिहा, इच्छा आहे. नेमणूक झालीय. उद्या रुजू व्हायचंय. छोटीला तिथल्याच बालवाडीत घालणार आहे."

चिरंजिवांनी मोबाईलवरून नजर काढली आणि वडिलांकडे बघितलं. बायकोकडे नाही, वडिलांकडे. सर म्हणाले, "ही काय पद्धत झाली? बाहेरच्या माणसासमोर?" बाहेरचं माणूस म्हणजे मी. आवाजात आता ओलावा वगैरे काही नव्हता. गावोगावच्या ओट्यांवर ऐकलेला तोच आवाज होता, फक्त शुद्ध मराठीत. मग त्यांनी एकेक कारण काढलं. लोक काय म्हणतील. तिकडचा भाग कसा आहे. मुलीवर काय संस्कार होतील. शेवटी, ज्याची मी वाट बघत होते ते आलं: "आणि इथे घरात कोण बघणार?"

काकू दारातून बोलल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना सरांसमोर बोलताना पाहिलं नव्हतं. त्या शहरात राहून घरात अहिराणीच बोलायच्या आणि सरांना त्याची लाज वाटायची.

"चुल्हा काय माले नवा शे का?" त्या म्हणाल्या. "तिले जाऊ द्या. सैपाक मी करसू. पन तुम्हना पाव्हनासना चहा माले सांगू नका."

मग त्या आत निघून गेल्या. सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हे लिहायचं नाही." मी वही मिटली. लिहिण्यासारखं सगळं लिहून झालेलंच होतं.

सोमवारी वहिनी पिंपळनेरला जायला साक्रीच्या गाडीत बसली. बरोबर छोटी, एक सुटकेस आणि गादीची वळकटी. नवरा स्टँडपर्यंत आला नाही, त्याला मीटिंग होती. सरांनी मला निरोप पाठवला की यापुढे घरी न येता कॉलेजातच भेटावं. माझ्या प्रबंधाची प्रकरणं त्यांनी त्यानंतर बरेच महिने टेबलावर पडू दिली. शेवटी सही केली, कारण त्यांच्या हाताखाली किती जण डॉक्टर झाले हे त्यांना प्रत्येक भाषणात सांगायचं असतं.

पुढच्या वर्षी जळगावला मोठं चर्चासत्र झालं. स्त्री, शिक्षण आणि कुटुंब. संयोजन समितीत पुरुष, स्वागत समितीत आम्ही बायका. पीएच.डी. झालेल्या, होऊ घातलेल्या, सगळ्या नऊवारीत, रांगोळी काढून ओवाळणीची ताटं घेऊन दाराशी उभ्या. दुपारी भरीत-पुरीच्या पंगतीत वाढायलाही आम्हीच, कारण म्हणे बायकांच्या हातचं वाढणं वेगळं. मी पुऱ्यांचं ताट टेबलावर ठेवलं आणि सभागृहात जाऊन बसले. समितीच्या अध्यक्षांनी मागून येऊन विचारलं, "मॅडम, तुमची ड्युटी?" मी म्हटलं, "मी ऐकायला आलेय." त्यांना ते उत्तर समजलं नाही.

सर बोलायला उभे राहिले. आवाज पुन्हा ओला. बोलता बोलता म्हणाले, "मी हे फक्त पुस्तकात लिहिलं नाही. माझ्या स्वतःच्या सुनेला मी आदिवासी भागात शिकवायला पाठवलं. समाजाचा विरोध होता, घरातूनही थोडा होता. पण मी ठाम राहिलो." टाळ्या पडल्या. चिरंजीव पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मग शाल, नारळ, सन्मानचिन्ह. माझ्या शेजारची प्राध्यापिका म्हणाली, "असे सासरे हवेत." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

बाहेर येऊन मी वहिनीला फोन लावला. सगळं सांगितलं, सरांचे शब्द जसेच्या तसे. मला वाटलं, ती चिडेल. मला ती चिडायला हवी होती.

"बोलू देत," ती म्हणाली. मागे पोरींचा गलका चालला होता. "ऐका ना, तुमच्या कॉलेजात जुनी परीक्षानळ्यांची स्टँडं पडली असतील तर बघाल का? इथे मुली नळ्या हातात धरून उभ्या राहतात."

मी बघते म्हटलं. प्रयोगशाळेच्या कपाटामागे धूळ खात पडलेली स्टँडं सापडली, आणि प्राचार्यांची परवानगी काढून मी ती स्वतः घेऊन गेले. काकूही माझ्याबरोबर आल्या, दोन डबे भरून. घरून निघताना सरांनी त्यांना कुठे जातेस म्हणून विचारलं होतं. पोरीकडे, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि कुठल्या पोरीकडे ते सरांनी विचारलं नाही.